गणपतीची सुट्टी, मुंबईचा पाऊस आणि पाच वर्षांचा भाचा

मुंबईतल्या शाळांना मे महिन्याची मोठी सुट्टी असते, दिवाळीची असते आणि या दोन्हींच्या मध्ये एक छोटी पण अवघड सुट्टी असते, गणपतीची. शनिवार-रविवार धरून साधारण एक आठवडा. ज्यांचं गाव कोकणात आहे ते गावी जातात. जे मागे राहतात त्यांच्या वाट्याला भाद्रपदातला पाऊस येतो आणि घरात कंटाळलेलं एक लहान मूल. ऑफिसला मात्र एकच दिवस सुट्टी. पाळणाघरंही बंद, कारण तिथल्या मावशींनाही गाव असतं.

यंदा हा आठवडा माझ्या ताईच्या वाट्याला आला. तिचं घर दादर पूर्वेला, हिंदमातापासून चालत दहा मिनिटांवर. तिने जूनमध्ये नवी नोकरी धरली आहे, त्यामुळे प्रोबेशन संपेपर्यंत रजा मागायची सोय नाही. भावोजी त्यांच्या आईबाबांना घेऊन कणकवलीला, घरच्या गणपतीला गेले. भाचाही जायचा होता. पण जुलैमधल्या एका मोठ्या पावसात त्याच्या शाळेची बस पाण्यात बंद पडली आणि मुलं अडीच तास आत अडकून बसली. ‘पायरीवर पाणी आलं होतं,’ एवढंच तो सांगतो. तेव्हापासून तो कुठल्याच बसमध्ये चढलेला नाही. ताई त्याला रोज टॅक्सीने शाळेत सोडते, मग धावत ऑफिस गाठते. कोकणात जायची तर रात्रभराची बस. म्हणून तो मागे राहिला आणि मी लॅपटॉप घेऊन पुण्याहून आले.

पहिल्या दिवशी आम्ही सगळे करतात तेच केलं. मॉलमधला प्ले एरिया, तासाचे पैसे, पायात त्यांचेच मोजे. प्लास्टिकच्या चेंडूंच्या हौदात तो वीस मिनिटं मजेत खेळला. मग बाहेर येऊन विचारलं, “मावशी, बाहेर पाऊस किती आहे?” तिथे एकही खिडकी नव्हती. घरी परत येईपर्यंत त्याने हाच प्रश्न सहा-सात वेळा विचारला. मला वाटतं, मुलाचं मन पावसावरून उडवायचं ठरवलं की आपण त्याला काचेच्या आत नेतो, आणि ज्याला पावसाची धास्ती आहे ते मूल आत बसून बाहेरचाच विचार करत राहतं. त्यामुळे मॉल तिथेच संपला.

‘किती आहे’ या प्रश्नाला खरंखुरं उत्तर असतं, आणि ते घरी काढता येतं. सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्यायची. गळ्याखाली, जिथून ती सरळ होते तिथे कापायची आणि वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवायचा. तळाशी चार खडे टाकायचे, म्हणजे ती वाऱ्याने पडत नाही. खडे बुडतील एवढं पाणी ओतून तिथे पट्टीचं शून्य येईल अशी पट्टी बाहेरून चिकटवायची. बाटली गच्चीत, भिंतीपासून लांब ठेवायची. खिडकीच्या ग्रिलमध्ये नको, तिथे छज्जाचं पाणी पडतं. आणि रोज सकाळी साडेआठला बघायचं. साडेआठच का, तर हवामान खातंही दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशीच्या साडेआठपर्यंतच मोजतं. त्यामुळे आपला आकडा कुलाबा आणि सांताक्रूझच्या आकड्यांशेजारी ठेवता येतो.

आमचा पहिला आकडा ३८ मिलिमीटर आला. दुसऱ्या दिवशी ७१. भाच्याने भिंतीवरच्या कॅलेंडरवर तो स्वतः लिहिला, ७ उलटा काढून. ६४.५ मिलिमीटरच्या वर गेलं की हवामान खातं त्याला जोरदार पाऊस म्हणतं, ११५.६ पासून अति जोरदार. हे मी सांगितल्यावर तो जरा विचारात पडला आणि म्हणाला, “म्हणजे काल फक्त जोरदार होता.” त्या ‘फक्त’वर ताईने माझ्याकडे बघितलं.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, हेही त्याला कळलं, कारण आम्ही खडूने गच्चीत तेवढा चौकोन आखला आणि दुधाच्या लिटरच्या पिशव्या मोजल्या. ७१ पिशव्या! मुलाला गणित शिकवायचं म्हणून हे करू नका, कंटाळवाणं होईल. पिशव्या मोजायला मजा येते म्हणून करा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. हा आकडा मला पाठ आहे, पण तो मी त्याला सांगितला नाही. ९४ सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ त्याच्या खांद्यापर्यंत.

तिसऱ्या दिवशी खरा प्रश्न आला. “बसमध्ये पाणी कुठून आलं होतं?” याचं उत्तर द्यायला मी स्वयंपाकघरातली मोठी परात काढली. परातीच्या मध्ये एक पसरट वाटी ठेवली, वाटीभोवती कणकेचा डोंगर केला, आणि वाटीच्या काठापासून परातीच्या कडेपर्यंत शीतपेयाची नळी पुरली. वाटी म्हणजे हिंदमाता, कारण तो भाग आजूबाजूच्या वस्तीपेक्षा खोलगट आहे. नळी म्हणजे गटार. परात म्हणजे समुद्र. वाटीत पाणी ओतलं की नळीतून ते परातीत जातं. मग परातीत तांब्याभर पाणी ओतून ‘भरती’ आणली. आता वाटीतलं पाणी बाहेर जाईना, उलट परातीतलं थोडं आत यायला लागलं. मुंबईत मोठा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की हेच होतं. शिवाय ही सगळी जमीन एकेकाळी सात बेटं आणि त्यांच्यामधली खाजणं होती, भर टाकून जोडलेली. पाणी आपली जुनी जागा शोधत येतं, असं मी म्हटलं नाही, कारण ते त्याला रात्री आठवलं असतं. मी एवढंच सांगितलं की परातीतलं पाणी उतरलं की वाटी रिकामी होते, आणि तांब्याने पाणी काढून दाखवलं. त्याने हा खेळ अकरा वेळा केला. ओटा, फरशी, माझा लॅपटॉपचा चार्जर, सगळं ओलं. त्या वेळात माझे दोन लेख मात्र लिहून झाले.

या भागात राहणाऱ्यांना एक गोष्ट माहीत असते, बाहेरच्यांना सहसा नसते. हिंदमाताचं पाणी साठवायला महापालिकेने जमिनीखाली मोठ्या टाक्या बांधल्या आहेत, एक परळला सेंट झेवियर्स मैदानाखाली आणि एक दादर पश्चिमेला प्रमोद महाजन उद्यानाखाली. पाऊस जोरात असताना पाणी तिकडे खेचायचं आणि भरती उतरली की सोडायचं. संध्याकाळी पाऊस थांबल्यावर आम्ही चालत त्या उद्यानात गेलो. बघण्यासारखं तिथे काही दिसत नाही, बागच आहे. पण भाचा गवतावर पालथा पडून जमिनीला कान लावून होता. बाकीची मुलं घसरगुंडीवर आणि हा गवतात. एक आजोबा विचारायला आले, “काय रे, काय हरवलं?” तो म्हणाला, “खाली पाणी आहे.” आजोबा मला म्हणाले, बरोबर सांगतोय की हा.

राणीच्या बागेत जायला पाऊस हाच उत्तम दिवस आहे, हे माझं ठाम मत झालंय. बुधवारी बंद असते, एवढं लक्षात ठेवा. दादरहून भायखळा लोकलने थोड्या मिनिटांचं अंतर. रिमझिमीत गर्दी निम्मी, झाडं हिरवीगार, आणि पेंग्विन तर काचेमागे थंडाव्यातच असतात, त्यांना बाहेरच्या पावसाचं काय! भाच्याला तिथे बर्फ हवा होता. हे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, बर्फात राहणारे नाहीतच. २०१६ मध्ये ते मुंबईत आले आणि आता इथेच जन्मलेली पिल्लंही मोठी झाली आहेत. शेजारीच भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ चं, मुंबईतलं सगळ्यात जुनं. त्याच्या बाहेरचा दगडी हत्ती बघाच. हा मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा नाव दिलं. इंग्रजांनी तो विलायतेला न्यायला उचलला आणि तो पडून तुकडे झाले. मग ते तुकडे पुन्हा जोडले. भाच्याने छत्रीखालून सांधे शोधले. पेंग्विनपेक्षा या हत्तीपाशी आम्ही जास्त वेळ होतो.

पुढच्या दिवशी पाऊस कमी, बाटलीत १२. आम्ही सीएसएमटीला उतरलो, तेव्हा संग्रहालयात जायचं ठरलं होतं, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. तिथे मुलांसाठी वेगळं संग्रहालय आहे आणि मुख्य इमारतीत पेंढा भरलेले प्राणीही. पण स्टेशनबाहेर दुमजली बस उभी होती. जुन्या डिझेलवरच्या दुमजली बस २०२३ मध्ये बंद झाल्या. त्याच वर्षी विजेवर चालणाऱ्या एसी दुमजली आल्या, आणि त्यातली ११५ नंबरची सीएसएमटीहून एनसीपीएकडे जाते. मी काहीच म्हटलं नाही. तो बघत होता. बसला दोन मजले आहेत हे त्याला चित्रांतून माहीत होतं, समोर पहिल्यांदाच.

“वरच्या मजल्यावर पाणी येतं का?”

“नाही.”

“कितीही मिलिमीटर असलं तरी?”

“कितीही असलं तरी.”

मग आणखी एक प्रश्न. “आत्ता भरती आहे का?” मी फोनवर बघितलं. ओहोटी सुरू झाली होती. हे मी त्याला दाखवलं, आकडा वाचून. त्याने माझा हात इतका घट्ट धरला की माझी अंगठी रुतली, आणि जिना चढला. वरची पुढची सीट रिकामी होती. मोठ्या काचेवर थेंब, खाली छत्र्या, टॅक्सी, कुठल्याशा मंडळाचा मांडव. एनसीपीएला उतरून आम्ही लांबूनच समुद्र बघितला, कठड्याजवळ गेलो नाही. मग त्याच बसने परत, आणि पुन्हा एकदा. त्या दिवशी संग्रहालय राहून गेलं. ताईला फोन केला तेव्हा ती ऑफिसच्या जिन्यात येऊन बोलली. “वरच्या मजल्यावर? खरंच?” आणि मग बराच वेळ काही नाही.

संध्याकाळी बिल्डिंगच्या गणपतीची आरती आणि झांज, तेवढ्यावर रोजचे दोन तास निघून जायचे. गौरींच्या आदल्या दिवशी दादरच्या फुलबाजारात तेरड्याच्या जुड्या आल्या. कोकणात आणि मुंबईतल्या कोकणी घरांत तेरड्याची गौर बसते. त्या रोपांवर एखादी टपोरी शेंग मिळते का बघा. मुलाच्या हातात द्या आणि हलकेच दाबायला सांगा. शेंग फटकन फुटते, आतल्या बिया उडतात आणि सालं आत वळतात. आमच्या जुडीत अशा चार शेंगा होत्या. चौथीसाठी त्याने शेजारच्या आजींना बोलावून आणलं.

लहान मुलाला घेऊन पावसात निघताना काही गोष्टी मी पाळल्या, त्या सांगते. हवामान खात्याचा इशारा पिवळा असेल तर जवळची सहल. नारिंगी असेल तर गच्ची आणि परात. लाल असेल तर घराबाहेर पाऊल नाही. भरतीची वेळ रोज बघायची. ती दिवसाला साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, आणि साडेचार मीटरच्या वरची भरती दुपारी असेल तर सकाळीच फिरून यायचं. साचलेल्या पाण्यात मुलाला चालू द्यायचं नाही, कितीही हट्ट केला तरी. लेप्टोचा धोका असतो. चालावं लागलंच, तर घरी पाय साबणाने धुवायचे आणि डॉक्टरांना विचारायचं. एक सुका कपड्यांचा जोड प्लास्टिकच्या पिशवीत. राजगिऱ्याचे लाडू, कारण ते ओले झाले नाहीत तर दिवसभर टिकतात.

रविवारी रात्री भावोजी गावाहून आले, खवा-मोदक आणि भिजलेल्या बॅगा घेऊन. भाच्याने त्यांना आधी कॅलेंडर दाखवलं. सोमवारी शाळा. बस पावणेसातला येते आणि बाटली साडेआठला बघायची असते, ही अडचण त्याच्या लक्षात झोपताना आली. बसने जायचं की टॅक्सीने, हे ताईने विचारलं नव्हतं, त्यानेही सांगितलं नाही. तो उठून शेजारच्या आजींकडे गेला, त्यांच्या हातात पट्टी दिली आणि म्हणाला, “आजी, उद्यापासून तुम्ही बघायचं. डोळे पाण्याच्या समोर ठेवून. वरून नाही बघायचं.”