आवाजाआधीचं

घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं गाव. त्यांचा जन्मही 1608च्या रामनवमीचाच. त्या दिवशी बाराच्या उन्हात रामजन्माचं कीर्तन रंगतं, तेव्हा माझं लक्ष मंडपाच्या कडेच्या अ‍ॅम्प्लिफायरकडे जातं. बुवा श्वास घ्यायला थांबतात त्या क्षणीही आतल्या ट्रान्झिस्टरमधून वीज वाहतच असते. ती वाहत नसती तर पुढचा शब्द बाहेर आलाच नसता.

आवाज म्हणजे वर-खाली होणारी लाट. सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर मात्र बेसवर साधारण 0.6 व्होल्ट आल्याशिवाय हलत नाही, आणि माईककडून येतात जेमतेम काही मिलिव्होल्ट. म्हणून त्याला आधीपासूनच अर्धवट जागं ठेवायचं. वर जायला जागा, खाली यायलाही. हेच बायसिंग. पहिल्या टप्प्याचा साधा नमुना घ्या: 9 व्होल्ट, बेसला 47 आणि 10 किलोओहमचे रोध, मधल्या जोडावर दीड व्होल्ट. एमिटरला 1 किलोओहम लावला की सुमारे 0.9 मिलिअँपिअर प्रवाह ठरतो. कलेक्टरला 3.9 किलोओहम दिला, की तिथे साडेपाच व्होल्टच्या आसपास. दुरुस्ती करताना माईक बंद ठेवून आधी हाच आकडा बघावा.

पण आमचा उन्हाळा! ट्रान्झिस्टर एक अंश तापला की तेवढ्याच प्रवाहाला त्याला सुमारे 2 मिलिव्होल्ट कमी पुरतात. पहाटेपेक्षा दुपार वीस अंशांनी चढली, तर 40 मिलिव्होल्ट. एमिटर थेट अर्थला जोडून बेसवर ठरीव व्होल्टेज दिलं असतं, तर प्रवाह चौपटीवर गेला असता. एमिटरचा रोध म्हणजे उधळू पाहणाऱ्या बैलाची वेसण: प्रवाह वाढला की एमिटरचं व्होल्टेज चढतं, बेसशी असलेला फरक घटतो, वाढ तिथंच दबते. 0.9 चे 0.94, बस्स.

मला खरा देखणा वाटतो तो पुढचा डाव. ही वेसण आवाजालाही आवरते; तो जेमतेम चौपट वाढतो. म्हणून रोधाला समांतर 100 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावतात. उन्हाचा बदल सावकाश, तो रोधालाच सापडतो. बोलण्याची लाट झपाट्याची, ती कपॅसिटरमधून निसटते आणि शंभरपटीच्या पुढे जाते. मात्र बुवा हळू पदावरून एकदम जयघोषावर आले की एवढी मोकळीक महागात पडते, लाट वाकडी होते. म्हणून जाणकार 47 ओहमचा रोध कपॅसिटरच्या वाटेबाहेर ठेवतात. वाढ निम्म्याहून खाली येते, पण जयघोष सरळ ऐकू येतो.