बेंबीजवळचे स्पंदन

कांपो या जपानच्या पारंपरिक वैद्यकात थकवा आणि अशक्तपणा यांवर जे काढे दिले जातात, त्यांत होचुएक्कितोचा मान मोठा आहे. तेराव्या शतकातील चिनी वैद्य ली दोंगयुआन यांच्या मूळ योजनेवरून आलेल्या या दहा द्रव्यांच्या काढ्यात रोज साधारण 4 ग्रॅम जिनसेंग आणि 1.5 ग्रॅम ज्येष्ठमध पडते. तो कोणाला द्यावा, याची आठ लक्षणे एदो काळातील त्सुदा गेन्सेन (1737–1809) यांनी सांगून ठेवली आहेत: गळालेले हातपाय, क्षीण आवाज, निस्तेज नजर, तोंडात पांढरा फेस, अन्नाची गेलेली चव, गरम पदार्थांची ओढ, बेंबीजवळचे स्पंदन आणि पसरट पण जोर नसलेली नाडी. वैद्याचे अडते ते बेंबीपाशी.

फुकुशिन, म्हणजे रुग्णाला पाय सरळ ठेवून उताणे निजवून केलेली पोटाची तपासणी, हे जपानी वैद्यांनी विशेष वाढवलेले अंग. मात्र असेच स्पंदन धडधाकट, पण चिडचिड व निद्रानाशाने बेजार झालेल्या माणसातही लागते, आणि तेथे साइकोकार्यूकोत्सुबोरेइतो हा अगदी वेगळ्या वळणाचा काढा द्यावा लागतो. ‘क्यो’ म्हणजे रितेपण की ‘जित्सू’ म्हणजे भरीवपण, हे ठरते ते बरेचसे पोट तळहाताला किती विरोध करते त्यावरून. वय झालेला हात येथेच दगा देतो. बोटे कोरडी व गार पडली की रुग्णाचे पोट स्पर्शासरशी आक्रसते आणि मऊ पोटही ताठ भासते. जास्त दाबावे, तर बोटांच्या टोकांत वैद्याची स्वतःचीच नाडी ठणकू लागते. हात चोळून गारठा जातो, ठणका जात नाही. तरीही शिष्य शेजारी असला की रुग्णाने तोंड उघडण्याआधीच काढ्याचे नाव सांगून टाकण्याचा मोह ज्येष्ठ वैद्याला आवरत नाही. चव गेली आहे की नाही, हे विचारल्यावाचून कळणारच नसते, पण विचारण्यात त्याला कमीपणा वाटतो.

1976 मध्ये कांपोची तयार औषधे मोठ्या संख्येने राष्ट्रीय आरोग्य विम्यात आली, आणि पोटाला हातही न लावता पाकिटावरच्या क्रमांकाने औषध लिहिणारे डॉक्टर वाढले. त्यांच्याविषयी जुने वैद्य तिरकस बोलतात, त्यात तथ्य आहे तसा मत्सरही आहे. मुळात उभे राहण्याचे त्राण नसलेल्या माणसाला जुन्या रीतीप्रमाणे रोज चुलीशी उभे करून काढा आटवायला लावणे, हा काही दयेचा प्रकार नव्हे. शिवाय ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिनमुळे काही रुग्णांच्या रक्तातील पोटॅशियम घटते, स्नायू दुबळे होतात आणि हातपाय गळतात, म्हणजे त्सुदांचे पहिलेच लक्षण औषधातून पुन्हा उभे राहते. ते पोट चाचपून ओळखू येत नाही, त्याला रक्तच तपासावे लागते. आणि ते तपासून घेण्यात क्रमांकवाल्या डॉक्टरांना कमीपणा वाटत नाही.