माथेरानला जाताय? मग हे वाचून जा

पाऊस उघडला की इनबॉक्समध्ये एकच प्रश्न येतो. "माथेरानला निघालोय, काय बघू, कुठे खाऊ?" एकेकाला उत्तर देण्यापेक्षा इथेच लिहितो.

नेरळला उतरल्यावर स्टेशनबाहेर वडापाव खाऊन घ्या. वर गेल्यावर "इतकं महाग?" म्हणून हॉटेलवाल्याशी भांडू नका. गाड्या दस्तुरी नाक्यापर्यंतच, पुढे गावात पीठ, तेल, सिलिंडर सगळं घोड्यावरून किंवा हातगाडीने येतं. पंजाबी-गुजराती थाळी काय, कुठेही मिळते. बाजारपेठेच्या आतल्या गल्लीत घरगुती खानावळी आहेत, तिथे आधी सांगून ठेवलं तर पिठलं-भाकरी मिळते. मे महिन्यात गेलात तर वाटेवर आदिवासी बायका जांभळं-करवंदं घेऊन बसलेल्या असतात. त्यांच्याशी घासाघीस नको. चिक्की घ्याच, पण पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका, माकडं टपलेलीच असतात.

पॉइंट सगळे करत बसू नका. पहाटे उठणं जमत असेल तर पॅनोरमा. संध्याकाळी पॉर्क्युपाइन, समोर प्रबळगडामागे सूर्य जातो. शार्लोट लेक बघायला सगळे जातात, शेजारच्या पिसरनाथाच्या देवळात थोडा वेळ बसा. आणि एक विनंती. मॅलेट, लुईझा, अलेक्झांडर ही नावं घोड्यावर बसल्या बसल्या पाठ होतात, पण भाई कोतवाल याच गावात १९१२ साली जन्मले, इथल्याच नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते आणि २ जानेवारी १९४३ला सिद्धगडावर इंग्रजांच्या गोळीला बळी पडले, हे मुलांना सांगा.

आता मुद्द्याचं. काही वर्षांपूर्वी आईला घेऊन गेलो होतो. तिचे गुडघे गेलेले, म्हणून दस्तुरीवरून हातरिक्षा केली. एक जण ओढायला, एक मागून ढकलायला. लाल मातीचा चढ आला तसा पुढच्या काकांचा श्वास आम्हाला ऐकू यायला लागला. आई म्हणाली, "थांबवा हो, मी उतरते." ते म्हणाले, "बसा आई, उतरलात तर पैसे कसे घेऊ?" ती बसून राहिली, पण बाजार येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. त्या रात्री जेवलीही नाही नीट.

ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, ई-रिक्षा आणा, पैसे नाहीत ही सबब चालणार नाही. ई-रिक्षा आधी खऱ्या हातरिक्षावाल्यांना द्या, हेही त्यात आहे. घोडेवाल्यांच्या पोटावर पाय येईल ही भीती खोटी नाही, त्यावर वेगळं बोलू. पण माणसाने माणसाला ओढायचं आणि आपण त्याला "हिल स्टेशनची मजा" म्हणायचं, हे मला तरी पटत नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की रिक्षा कुणाच्या नावावर आणि दिवसाची कमाई कुणाच्या खिशात?

म्हणून या मोसमात वर जाल आणि ई-रिक्षात बसाल, तेव्हा चालवणाऱ्याला सहज विचारा, "दादा, आधी हातरिक्षा ओढायचात का? ही गाडी तुमचीच ना?" काय उत्तर मिळालं ते खाली कमेंटमध्ये लिहा. नाव नको, फक्त उत्तर.