नवगावचे दोन उंचवटे

हाईम सॅम्युएल केहिमकरांनी आपल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून पुरा केला. तो छापून निघाला १९३७ साली, तेल अवीवला. तोवर लेखक हयात नव्हते. त्यात अलिबागजवळच्या नवगावची हकीकत आहे. खांदेरी-उंदेरीच्या पाण्यात गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका, या समाजाचे पूर्वज, तेवढे काठाला लागले. बाकीच्यांची प्रेतं समुद्राने मागाहून आणून टाकली. वाचलेल्यांनी ती पुरली, पुरुष एका उंचवट्यात आणि बायका दुसऱ्यात.

या दोन उंचवट्यांपाशी मी अडले. सगळं गेलं होतं. पोथ्या गेल्या, भांडी गेली, माणसं गेली. परका किनारा, भाषा कळत नाही, पोटात अन्न नाही. अशा वेळी एकच मोठा खड्डा खणला असता तरी कोणी बोल लावला नसता. पाण्यात राहिलेलं प्रेत लवकर ओळखू येत नाही. म्हणजे कुणीतरी वाकून, निरखून, हा पुरुष, ही बाई असं एकेकाचं ठरवलं असणार. ज्यांच्या हातांना धड मूठ वळत नव्हती, त्यांनी दोनदा खणलं.

ही दंतकथा आहे, हे मला ठाऊक आहे. केहिमकर हा प्रसंग ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात नेतात. अनेक अभ्यासक इतकं मागे जायला राजी नाहीत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात या समाजात ज्यू आणि भारतीय असा दुहेरी वारसा आढळला, आणि ती सरमिसळ साधारण साडेसहाशे ते हजार वर्षांपूर्वीची निघाली. मला तारखेची घाई नाही. पिढ्यानपिढ्या ही गोष्ट सांगणाऱ्यांना त्यातले दोन उंचवटे गाळावेसे वाटले नाहीत, एवढं मला पुरतं.

याच कोकणात आणखी दक्षिणेला दुसरी गोष्ट सांगतात. समुद्रातून वाहून आलेली चौदा प्रेतं परशुरामाने चितेवर शुद्ध करून उठवली, ते चित्पावन. तिथेही चौदा, इथेही चौदा. तिथे मेलेले उठून बसले. इथे मेलेले मेलेलेच राहिले आणि जिवंतांनी त्यांना माती दिली. मला नवगावची गोष्ट जास्त जवळची वाटते.

वाचलेल्यांनी पुढे तेलाचा घाणा धरला. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. किहीम, पेण, रोहे, आष्टमी ही गावं त्यांच्या आडनावात शिरली. हिब्रू विसरली. ‘शमा’ची प्रार्थना, सुंता, शनिवार आणि ताटातले काही नियम एवढं उरलं.

त्या ताटाची हकीकत सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. डेव्हिड रहाबी नावाचा ज्यू या किनाऱ्यावर आला. कधी आला यावर वाद आहेत. काही जण त्याचं नाव अठराव्या शतकातल्या कोचीनच्या रहाबी घराण्याशी जोडतात. ही माणसं आपलीच का, हे पाहायला त्याने बायकांपुढे सरमिसळ मासळीची टोपली ठेवली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी पर आणि खवले असलेली मासळी उचलली, बाकीची बाजूला सारली. मोशेच्या नियमशास्त्रात नेमकं हेच सांगितलं आहे.

ती टोपली मी मनात पुन्हा पुन्हा उपसते. रावस, बांगडा, सुरमई चालेल. कोळंबी नाही, कुर्ली नाही, मुशी नाही, शिंगाळा नाही, तिसऱ्या नाहीत. खाडीकाठच्या गरिबाला हे नियम पाळणं किती जड! ओहोटीला चिखलात हात घातला की तिसऱ्या मिळतात, पैसा पडत नाही. पावसाळ्यात होड्या ओढून ठेवल्या की घरोघर सुका जवळा आणि सोडे निघतात. शेजारणीच्या तव्यावर जवळा खमंग परतला जात असताना तेल्याच्या घरातल्या बाईने वालाच्या बिरड्याला फोडणी दिली असेल. कारण विचारलं असतं तर ‘आमच्यात खात नाहीत’ एवढंच म्हणाली असती. तिला सासूने सांगितलं, सासूला तिच्या सासूने. मी स्वतः एकशिपी तिसऱ्यांसाठी जेवणाची वेळ मोडणारी बाई आहे, म्हणून मला या नकाराचं मोल कळतं. रहाबीने पुढे तीन पुरुषांना धर्मविधी शिकवून काजी नेमलं. परीक्षा मात्र बायकांनी दिली होती.

१९४८ नंतर बेने इस्राएलांची बहुतेक घरं इस्राएलला गेली. तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या ज्यूपणावर शंका घेतली, लग्नं अडली, निदर्शनं झाली. १९६४ साली तिथल्या संसदेने ते इतर ज्यूंच्या बरोबरीचे असल्याचं जाहीर केलं. मला याचा अजून राग येतो. इतकी वर्षं ज्यांनी जवळ्याचा वास सोसला, त्यांना आणखी काय दाखवायला हवं होतं?

नवगावला आता स्मारक आहे. मी गेले तेव्हा श्रावण होता, गवत गुडघ्यापर्यंत आलं होतं. एका दगडावरचं शेवाळ बोटाने सारलं तर वर हिब्रू ओळी होत्या, खाली मराठी. मराठी अक्षरांचे काने झिजून गेले होते, वेलांट्या तेवढ्या राहिल्या होत्या. अलिबाग परिसरात जमिनीचे भाव चढत आहेत, बंगले दफनभूमींच्या अंगाशी येत आहेत. मला वाटतं, अलिबाग, रेवदंडा, पेण भागातल्या बेने इस्राएल कबरींचा दगड न् दगड वाचून लिहून ठेवायला हवा, फोटो काढून थांबू नये. दिवाळीनंतर गवत वाळलं की हे काम करता येईल. एकाला मराठी यावी, एकाला हिब्रू, आणि गावातलं एखादं म्हातारं माणूस सोबत हवं. कुठल्या कबरीवर दगड नव्हताच, हे त्यालाच सांगता येईल.