मोळी बांधणारी मुलगी

आज पाचवीत धडा वाचून दाखवला नाही. गट केले आणि इथल्या प्रवरानगरच्या साखर कारखान्यावरच्या धड्याचे तुकडे वाटले: ऊसतोड, गाळप, कारखान्याचे संस्थापक विठ्ठलराव विखे पाटील, त्यांना साथ देणारे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. ज्याचा तुकडा त्यानेच इतरांना समजावायचा. मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या शाळांत हेच केले होते.

पाथर्डीहून आईबापांसोबत तोडीला आलेली, एरवी गप्प बसणारी मुलगी आज उसाची मोळी कशी बांधतात ते हातवारे करून सांगत होती. वर्गातला पहिल्या नंबरचा मुलगा तिचे शब्द वहीत उतरवत होता.

१९५० साली इथल्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन कारखाना उभारला. त्याच मातीत आम्ही मुलांना एकमेकांपासून उत्तर झाकून लिहायला शिकवतो, हे मला बोचते.

बाकीच्या गटांनीही तिला उद्या बोलावले आहे.