मोकळ्या प्लॉटांची पातळी

२०१९चा पूर ओसरला तेव्हा मी कोल्हापुरात एका खाजगी सर्वेक्षण संस्थेत होते. भिंतींवरच्या पाण्याच्या खुणा शोधायच्या, त्यांची समुद्रसपाटीपासूनची उंची घ्यायची आणि रंगाने खूण करून पुढे जायचं, असं काम. सोबत पातळी मोजायची ऑटो लेव्हल आणि स्टाफ, म्हणजे मोजणीची काठी, धरायला एक मुलगा.

खूण ओळखायला नजर लागते. ओल भिंतीत आपोआप वर चढते, त्यामुळे ओलीचा डाग पाण्यापेक्षा उंच दिसतो. खरी बघायची ती गाळाची रेघ. तीही एक नसते. पाणी उतरताना जिथे जिथे रेंगाळलं तिथे तिथे एकेक. बाहेरच्या भिंती होड्यांच्या हेलकाव्यांनी माखलेल्या. सगळ्यांत खात्रीची रेघ मिळायची घराच्या आत, बंद कपाटात नाहीतर जिन्याखाली. म्हणजे ज्यांचं सगळं भिजलंय त्यांनाच कपाट उघडा म्हणायचं. पण 'नाही' कुणी म्हणालं नाही. उलट आधी चहा, मग रेघ.

शाहूपुरीत कुंभार गल्लीत एका मामींनी गणपतीच्या मूर्ती ठेवायचा माळा दाखवला. २००५च्या पुरात पाणी जिथवर आलं होतं त्याच्या हातभर वर त्यांनी तो मुद्दाम बांधून घेतला होता. गाळाची रेघ माळ्याच्याही वर होती. "आता कितीवर बांधू, सांगा की ताई," त्या म्हणाल्या. माझ्याकडे लेव्हल होती, उत्तर नव्हतं.

कोल्हापूरला पूर फुटांत कळतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. जुनी माणसं तेवढ्यासाठी मोबाईल बघत नाहीत; शिवाजी पुलाशी मच्छिंद्री झाली, म्हणजे पाणी पुलावरच्या ठरल्या खुणेला लागलं, असं म्हणाले की झालं. २०१९ला पाण्याने ५५ फूट ओलांडले. नदी दिसतही नाही अशा व्हीनस कॉर्नरच्या दुकानांत पाणी शिरलं, कारण तुंबलेल्या पंचगंगेने जयंती नाला मागे रेटला. तिथले दुकानदार नदीकडे बघत बसले होते आणि पाणी आलं नाल्याकडून.

आमच्या आकड्यांचा उपयोग पूररेषेला. नदीचे ठरावीक अंतरावर आडवे छेद घेतात, किती विसर्गाला पाणी कुठवर चढेल याचं गणित मांडतात आणि नकाशावर दोन रेषा येतात. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची. निळीच्या आत नवं बांधकाम निषिद्ध, निळी आणि लाल यांच्यामध्ये अटींवर परवानगी. भिंतीवरच्या खुणा या गणिताची परीक्षा घेतात.

'शंभर वर्षांतून एकदा' याने मात्र फार घोळ घातलाय. २०१९नंतर कित्येकांनी मला हसत सांगितलं, आता आमच्या नातवंडांपर्यंत काळजी नाही. अर्थ एवढाच की दर वर्षी शंभरात एक शक्यता, मागच्या वर्षी पूर येऊन गेला असला तरी. तीस वर्षांचं गृहकर्ज फिटेपर्यंत लाल रेषेवरच्या घरात पाणी येण्याची शक्यता चारात एक. निळ्या रेषेवर ती दहात सात. मी हे सांगायचे आणि लोक मान डोलवायचे. मग जुलै २०२१ आला, पाणी २०१९पेक्षाही किंचित वर गेलं आणि मला सांगायची गरज उरली नाही.

पुढची गोष्ट मला पुराहून जास्त खटकते. दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात जोत्याची पातळी लाल रेषेच्या ४५ सेंटीमीटर वर हवी, असा नियम आहे. खांबांवर इमारत उचलली आणि खाली पाण्याला वाट ठेवली तर नियम शहाणा आहे. पण मुरूम स्वस्त पडतो. दहा गुंठे पाच फूट उचलायचे तर साधारण ५४५ ब्रास भराव लागतो, आणि तेवढीच जागा पाण्याची जाते. एका प्लॉटने नदीला काही कळत नाही. पण गल्लीतले सगळे उचलले की जुनं बैठं घर खड्ड्यात जातं. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाने पाणी तुंबतं, यावर बोलायला कोल्हापुरात कुणीही तयार असतं. शेजारच्या डंपरवर कुणी बोलत नाही. शेजारी जवळचा असतो, धरण लांब.

असंच एक बैठं घर. मालक निवृत्त शिक्षक. "आमचं घर खचलंय का, बघा जरा," म्हणाले. लेव्हल लावली. घर होतं तिथेच होतं, दोन्ही बाजूंच्या जमिनी वर आल्या होत्या. त्यांना तक्रार द्यायची होती. मी त्यांच्या उंबऱ्याची पातळी लिहून दिली. पण भराव किती पडला हे दाखवायला त्याआधीची पातळी हवी, आणि ती कुणाकडेच नव्हती. नदीचे छेद दूर दूर घेतलेले असतात, मधला एकेक प्लॉट त्यांत सापडत नाही.

"मग पुढच्यांचं तरी लिहून ठेवा," सर म्हणाले. त्या गल्लीत अजून काही प्लॉट मोकळे होते. ते काम आमच्या यादीत नव्हतं. तरी अंधार पडेपर्यंत आम्ही एकेका प्लॉटच्या कोपऱ्यांवर स्टाफ उभा केला. सर मागे वही घेऊन आकडे उतरवत होते आणि प्रत्येक आकडा मला पुन्हा वाचून दाखवत होते. त्या कागदाची एक प्रत त्यांनी तक्रारीला जोडली, दुसरी स्वतःकडे ठेवली.