दम टिकला पाहिजे

कबड्डीत भीती सगळ्यात आधी पायांत दिसते. चेहऱ्यावरची भीती पोरं लपवतात, मांडीवर थाप मारून तर फारच झकास लपवतात. पण चढाईला गेलेला मुलगा कशीबशी निदान रेषा ओलांडतो आणि कोपऱ्याकडे न बघताच माघारी वळतो, तेव्हा मला जे समजायचं ते समजतं. निदान रेषा ओलांडली नाही तर चढाईपटू बाद होतो, म्हणून तो तेवढी ओलांडून येतो. नियमापुरती रिकामी चढाई.

किशोर गटाला, म्हणजे १६ वर्षांपर्यंतच्या आणि ५५ किलोंच्या आतल्या मुलामुलींना शिकवताना माझा निम्मा वेळ या रिकाम्या चढाईशी झुंजण्यात जातो. ती कुठून येते? बहुतेक वेळा आधीच्या चढाईतून. त्या वेळी पोरगं आत घुसलं, पकडलं गेलं आणि बाहेरून आवाज आले, ‘काय दिवे लावलेस!’, ‘झोपलायस का?’, ‘बस आता खाली!’ मुलं हिशेबाला पक्की असतात. आत शिरलो तर शिव्या, रिकामा आलो तर कुणी काही बोलत नाही, एवढा हिशेब तेरा वर्षांच्या मुलाला सहज जमतो. पुढे दोन रिकाम्या चढायांनंतरची ‘करो या मरो’ची तिसरी चढाई येते आणि जी हिंमत आपण महिनाभर कापत आलो, तीच आपण त्याच्याकडे त्या ३० सेकंदांत मागतो.

आमच्या खेळात तर भीतीचा थेट गुण जातो. चढाईभर ‘कबड्डी कबड्डी’चा दम सलग आणि ऐकू येईल असा हवा. घाबरलेल्या मुलाचा श्वास पोटातून न येता वर छातीत अडकतो, आवाज बारीक होतो, उच्चार तुटतो आणि पंच शिट्टी मारतात. दम घोटायचा सराव आम्ही भरपूर करून घेतो. तो मैदानाबाहेरच्या एका खेकसण्याने मातीत जातो, हे मात्र फार थोडे प्रशिक्षक हिशेबात धरतात. आणखी एक गंमत आहे. चढाई चालू असताना आपल्याच संघाने चढाईपटूला सूचना दिली किंवा धोक्याचा इशारा दिला, तर गुण समोरच्या संघाला मिळतो. रेषेच्या पलीकडे मूल एकटंच असतं आणि त्याच्या कानात आपण सरावात बोललेलंच वाजत राहतं.

मग बोलायचं काय? उठसूट ‘शाब्बास’ तर मुळीच नाही. शाब्बास म्हणजे लग्नातल्या अक्षता नव्हेत, दिसेल त्याच्या डोक्यावर टाकायला. न कमावलेलं कौतुक मुलांना लगेच कळतं आणि मग खरं कौतुकही ती अर्ध्या कानाने ऐकतात. मी निर्णय आणि निकाल वेगळे ठेवतो. समजा, समोर सहा गडी आहेत, म्हणजे बोनस खुला आहे. मुलगा बोनस रेषेवर गेला आणि डाव्या कोपरारक्षकाने त्याचा घोटा धरला. गुण गेला. परत आल्यावर त्याला सांगायचं, ‘बोनसला गेलास ते बरोबर. मागचा पाय जमिनीवर रेंगाळला, तो आधी उचल.’ यात गोडगोड काही नाही. चूक स्पष्ट सांगितलेली आहे, पण आत जाण्याचा निर्णय शाबूत ठेवला आहे. पुढच्या चढाईत तो पुन्हा आत जातो, कारण आत जाणं ही त्याची चूक नव्हती हे त्याला ठाऊक असतं.

टाइमआउटमध्येही तेच. ३० सेकंदांत सात घामाघूम मुलांना एकच गोष्ट कळू शकते, तीही ‘हे करा’ अशी असेल तरच. ‘हात सोडू नका’पेक्षा ‘साखळी घट्ट’ हे लवकर पोचतं. आणि कौतुकाचे दोन शब्द उरलेच, तर ते गुण आणणाऱ्यावर खर्चू नयेत. त्याच्यासाठी टाळ्या आहेतच. साखळीत राहून पकडीला वेळेवर आधार देणारी पोरगी गुणफलकावर कधीच दिसत नाही. तिला ‘तू पोचलीस म्हणून पकड झाली’ एवढं सांगणारं मैदानावर प्रशिक्षकाशिवाय कुणी नसतं.

हे निव्वळ माझ्या मनाचे खेळ नाहीत. अमेरिकेत सिअ‍ॅटल भागात रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मोल या मानसशास्त्रज्ञांनी मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. प्रशिक्षक काय बोलतात, काय करतात हे मैदानाकडेला बसून नोंदवलं. एक निष्कर्ष आम्हा मंडळींना झोंबणारा आहे. आपण कसे वागतो याबद्दल प्रशिक्षकांची समजूत चुकीची निघाली, मुलांची जास्त बरोबर. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात, प्रोत्साहनाने शिकवायचं थोडं प्रशिक्षण मिळालेल्या प्रशिक्षकांच्या हाताखालची ५ टक्के मुलं पुढच्या हंगामात खेळ सोडून गेली. इतर प्रशिक्षकांकडची गेली २६ टक्के. हार-जितीत मात्र दोन्हीकडे विशेष फरक नव्हता. म्हणजे कौतुकाने चषक वाढतात असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. मुलं टिकतात. किशोर गटात मला तेवढं पुरे आहे. मूल मैदानावरच राहिलं नाही तर शिकवू कुणाला?

यावर हमखास आचरेकर सरांचं नाव निघतं. २०१३ साली वानखेडेवर निरोपाच्या भाषणात सचिननेच सांगितलं की सरांनी त्याला २९ वर्षांत एकदाही ‘छान खेळलास’ म्हटलं नाही. खरंच आहे. पण तेच सर यष्टीवर रुपयाचं नाणं ठेवत. बाद करणाऱ्या गोलंदाजाला ते मिळे, शेवटपर्यंत टिकला तर सचिनला. अशी १३ नाणी त्याने जपून ठेवली. स्कूटरवर मागे बसवून या मैदानावरून त्या मैदानावर सामने खेळायला नेणारेही तेच. याला प्रोत्साहन नाही म्हणायचं तर कशाला? सरांचं मौन उचलणारे खूप भेटतात. स्कूटर काढणारे कमी. शिवाय ओरडा खाऊन मोठा झालेला खेळाडू मुलाखत देतो. ओरडा खाऊन घरी बसलेल्याला कुणी विचारायला जात नाही.

‘याच्या रक्तातच कबड्डी आहे’ हे आपलं आणखी एक लाडकं कौतुक. कॅरोल ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर यांनी १९९८ साली दाखवलं की ‘हुशार आहेस’ म्हणून वाखाणलेली मुलं पहिल्या अपयशानंतर ढेपाळली, मेहनतीबद्दल वाखाणलेली नेटाने झटत राहिली. रक्तात असलेला खेळ दोन पकडींत आटला, तर पोराने करायचं काय?

दिवाळीनंतर गल्लोगल्ली प्रकाशझोतातल्या स्पर्धा सुरू होतील. आयोजक मंडळांना माझी एक विनंती आहे. किशोर गटाच्या सामन्यात माइकवरून खेळाडूंची टिंगल होऊ देऊ नका. पकडल्या गेलेल्या मुलावरचा विनोद प्रेक्षकांना हसवतो, पण तो लाउडस्पीकरवरून त्याच्या आईलाही ऐकू जातो. निवेदकाला सामन्याआधी एवढं बजावून सांगा. याला खर्च येत नाही आणि वर्गणीही काढावी लागत नाही.